धरण नसलेला नकाशा

अलका : अजून शोधतंयच का ते? चहा निवला तुमचा.

रघुनाथ : उपग्रह सापडायला वेळ लागतो. चार लागतात, तीन मिळालेत. झाडाखालून जीप जरा पुढे घ्यायला हवी होती.

अलका : जीप आपल्या अंगणात, जीपच्या मागे आपलं क्वार्टर, क्वार्टरात मी. एवढं सांगायला आभाळातल्या चौघांची साक्ष लागते? काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

सुकदेव : मी पण तेच बोललो बाई. म्हटलं साहेब, सिल्वासा कुठे आहे ते मले विचारा, मी सांगतो. तर साहेब म्हणे, गप्प उभा राहा आणि एरियल धर. तेव्हापासून धरूनच उभा आहे. खांदा गेला पार.

रघुनाथ : तो मुंबईचा माणूस उद्या येऊन ह्या वाट दाखवणाऱ्या दोन यंत्रांपैकी एक परत नेणार. त्याच्या आधी मला कुठलं बसवायचं ते ठरवून शिफारस द्यायची आहे. चेष्टा पुरे दोघांची.

अलका : चेष्टा नाही. मला नवल वाटतं. दोन वर्षं ह्या यंत्रांची फाइल तुमच्या टेबलावर घोरत पडली होती. आणि परवा शुक्रवारी तुम्ही ऑफिस उघडायच्या आधी जाऊन मुंबईला फोन लावलात. शिपायानं सांगितलं मला शाळेच्या वाटेवर.

रघुनाथ : शिपायाला दुसरं काम नाही. हे बघ, आलं. चौथा मिळाला.

सुकदेव : आला का? मग खाली ठेवू एरियल?

रघुनाथ : टपावर ठेव, नीट. अलका, इकडे ये. हा पडदा बघ. हा समुद्र. हे दमण, हे वापी, हा हायवे. आणि हा टिपका आपण.

अलका : आपण तर अथालच्या वाटेला दिसतोय.

रघुनाथ : थोडं इकडेतिकडे दाखवतं. उपग्रह अमेरिकेचे, ते मुद्दाम चूक घालून ठेवतात त्यात. तेवढं चालतं.

अलका : बरं. आणि धरण कुठाय?

रघुनाथ : ते नाही ह्यात.

अलका : नाही म्हणजे?

रघुनाथ : परदेशात केलेला नकाशा आहे, कुठल्या तरी जुन्या नकाशावरून उचललेला. आपलं धरण त्यांच्यापर्यंत पोचलं नसेल.

अलका : एवढं समुद्रासारखं पाणी पसरलंय आणि त्याचा पत्ता नाही ह्याला?

सुकदेव : नुसती नदी दावते बाई. बारीक. पहिले होती ना, तशीच.

रघुनाथ : अगदी तशीच. हा वळसा बघितलास? ह्या वळशाच्या ह्या अंगाला आपला सर्व्हे कॅम्प होता. तुझी दोन खोल्यांची झोपडी, मागे सागाची रांग. आपली तेजू तिथंच रांगायला लागली.

अलका : ठाऊक आहे मला. बोट काढा तिथलं.

रघुनाथ : दाखवतोय नुसतं.

अलका : नका दाखवू. ते दुसरं यंत्र काय करतं ते सांगा. ते लहान.

रघुनाथ : त्यात नकाशाच नाही. आपण जाऊ तिथं मागे ठिपके सोडत येतं, आणि मग परतताना त्या ठिपक्यांवरून माघारी नेतं. पोरखेळ आहे. मी हे मोठंच घ्यायचं म्हणतोय. ह्यात एकदा घराची खूण करून ठेवली की कुठंही असलो तरी बाण घराकडे. किती वळणं घ्या, बाण हलत नाही.

अलका : दुधनीहूनसुद्धा?

रघुनाथ : दुधनीहूनसुद्धा. सरळ घराकडे.

अलका : दुधनीहून सरळ म्हणजे धरणाच्या पाण्यावरून.

रघुनाथ : बाणाला रस्ता नाही कळत. त्याला दिशा कळते. रस्ता माणसानं बघायचा.

सुकदेव : साहेब, मी म्हणतो ते लहानच बरं राहील.

रघुनाथ : तुला काय कळतं त्यातलं?

सुकदेव : नाही, कळत काही नाही. आपलं म्हटलं.

अलका : तुमचा चेहरा का उतरला सुकदेवभाऊ? आत्तापर्यंत तर हसत होतात.

रघुनाथ : फोन वाजतोय. तेजूचा असेल नाशिकहून, रविवारचा. मी घेतो. सुकदेव, बंद करू नकोस, पुन्हा चौघांना शोधत बसावं लागेल.

(रघुनाथ आत जातो. अलका दार ओढून घेते.)

अलका : आता बोला.

सुकदेव : काय बोलू बाई?

अलका : गुरुवारी रात्री तुम्ही ही जीप इथं अंगणात धुतलीत. दहा वर्षं तुम्ही सकाळीच धुताय, तेही मी दोनदा सांगितल्यावर. आणि शुक्रवारी मला पुढच्या बंपरात शेवाळ अडकलेलं दिसलं. हिरवं, ओलं. खानवेलच्या रस्त्यावर शेवाळ कुठून आलं?

सुकदेव : नाल्यात गेली असंल.

अलका : मी पोरांच्या थापा ऐकूनच पगार घेते. नाल्यांना पाणी नाही आता.

सुकदेव : बाई, मले ह्याच्यात नका घालू. साहेबांनी नोकरी लावली माझी. शिरपूरहून आलो तेव्हा नरोलीच्या कारखान्यात गोण्या उचली राहिलो होतो मी. त्यांनी स्टिअरिंगवर बसवलं. मी त्यांच्याबद्दल बोललो तर माझ्या तोंडात किडे पडतील.

अलका : आणि नाही बोललात आणि उद्या काही झालं तर?

सुकदेव : त्याच्यासाठीच तर झोप नाही मले तीन रात्रीपासून. बायको, कोंडा, विचारते, काय झालं. तिलेही नाही सांगितलं.

अलका : मला सांगा. मी ओरडणार नाही, रडणार नाही. लवकर सांगा, ते येतील.

सुकदेव : दुधनीहून परत येत होतो. दिवस बुडाला होता. साहेब म्हणे, चावी दे, आज मी चालवतो. मी बाजूला बसलो. चांगली चालवत होते, गोष्टी करी राहिले होते. तिथं तो फाटा येतो पाहा, नवा रस्ता डावीकडे वळतो खानवेलला आणि जुना सीधा उतरतो. साहेब सीधे उतरले.

अलका : आणि तुम्ही गप्प?

सुकदेव : मी समजलो, पाणी किती उतरलं ते पाहायचं असंल. साहेबांचं कामच आहे ते. ड्रायव्हरनं साहेबांना थोडंच विचारायचं असते, कुठे चालले म्हणून? साहेब म्हणतील तिकडं गाडी. हेच शिकलो मी. मी बसलो आपला. पुढे डांबर संपलं, झाडांचे सुकलेले बुंधे लागले, पाणी दिसू लागलं. साहेब काही गाडी धीमी करेना. मग चाकं पाण्यात गेली.

अलका : किती?

सुकदेव : पायदानापर्यंत. माझ्या चपला ओल्या झाल्या तेव्हा मी ओरडलो. इंजिन बंद पडलं नाही ही देवाची कृपा. साहेब थांबले. समोर पाणीच पाणी, अंधार पडलेला. ते समोर पाहून म्हणे...

अलका : काय म्हणाले?

सुकदेव : म्हणे, सुकदेव, बाईंनी अजून दिवा नाही लावला.

अलका : दिवा.

सुकदेव : हाव. मले पहिले समजलंच नाही. मग समजलं आणि असा काटा आला बाई अंगावर, पाण्याचा नाही आला तेवढा. मी म्हटलं, साहेब, इकडे सरका. सरकले. लहान लेकरासारखे सरकले. मी फोर व्हील लावला, मागे काढली गाडी. फाट्यावर आलो तेव्हा त्यांनी डोळे पुसले आणि म्हणे, घरी बोलू नको.

अलका : गेल्या महिन्यात मला म्हणाले होते, नदीवरून पाणी आणायला एकटी जाऊ नकोस. मी हसले. म्हटलं, म्हाताऱ्याला जुनं प्रेम आठवलं. मी हसले हो सुकदेवभाऊ.

सुकदेव : तुम्हाला काय माहीत होतं बाई.

अलका : मला आत्ता भीती वाटतेय.

सुकदेव : बसा. पायरीवर बसा जरा.

रघुनाथ : (दार उघडून बाहेर येत) तेजूला परीक्षेचं टेन्शन आलंय. म्हणते, आईला दे. काय झालं? तुम्ही दोघं असे का?

अलका : काही नाही. करते तिला नंतर.

रघुनाथ : सांगितलंस ना तू, सुकदेव?

सुकदेव : साहेब, बाईंनी बंपरचं शेवाळ पाहिलं होतं.

रघुनाथ : बंपर. मी टायर पाहिले, दारं पाहिली. बंपर नाही पाहिला.

अलका : माझ्यापासून लपवायला टायर पाहत बसलात?

रघुनाथ : लोकांपासून लपवता येतं अलका, तुझ्यापासून नाही हे माहीत होतं. चार दिवस ढकलायचे होते.

अलका : आणि चार दिवसांनी काय होणार होतं? हे यंत्र बसणार, आणि सगळं बरं होणार?

रघुनाथ : मला आठवलं नाही तर यंत्र आठवेल. एवढंच वाटलं.

अलका : त्या फाट्यावर काय झालं? तुम्ही सांगा. तुमच्या तोंडून ऐकायचंय.

रघुनाथ : काहीच झालं नाही. तेच तर. गोंधळलो असतो, वाट चुकल्यासारखी वाटली असती, तर थांबलो असतो की. मला अगदी बरोबर वाटत होतं. किती तरी दिवसांनी इतकं बरोबर वाटलं होतं. आता उतार, आता पांगारा, आता वळलं की दिवा. तू, तेजू, स्टोचा आवाज. मी घरी निघालो होतो, अलका. पाण्याचं काही आठवलंच नाही. ज्या पाण्याची रेघ मी स्वतः आखली, खुंट्या मी ठोकल्या. सगळ्या गावांना मीच सांगत फिरलो, इथवर पाणी येणार, उठा.

सुकदेव : साहेब, होते असं. वय झालं की...

रघुनाथ : मी बावन्नचा आहे सुकदेव.

अलका : वलसाडला जायचं. मोठ्या डॉक्टरांकडे. उद्या.

रघुनाथ : एकदा कागदावर आलं की संपलं. ऑफिसात कळेल. मला साइटवर सोडणार नाहीत, खुर्चीत बसवतील, मग घरी. घरी बसून मी काय करू? आणि खरं सांगू? डॉक्टर काय म्हणेल त्याची जास्त भीती वाटते. आज मला तू दिसतेस, हा दिसतो, सगळं जागच्या जागी आहे. आणि पुढच्या फाट्यावर नसलं तर?

अलका : माझीही तीच भीती आहे. दोघांची एकच आहे, तर वाटून घेऊ. पण वलसाडला जायचं. त्यात वाद नको.

रघुनाथ : बरं.

अलका : आणि चावी सुकदेवभाऊंकडे राहील.

रघुनाथ : बरं.

अलका : आणि तुम्ही, सुकदेवभाऊ. साहेब वाट सोडून निघाले की बोलायचं.

सुकदेव : साहेबांना कसं बोलू बाई?

अलका : तोंडानं. चपला ओल्या व्हायची वाट नाही बघायची.

रघुनाथ : बोल रे. मी रागावलो तरी बोल. रागावलो तर जास्तच बोल.

सुकदेव : हाव साहेब.

अलका : आता हे मोठं यंत्र बंद करा.

रघुनाथ : का? बाण तर ह्यातच...

अलका : त्याच्या नकाशात धरण नाही. आणि बाण पाण्यावरून घरी बोलावतो. तुमच्यासारखंच आहे ते. दोघं एकमेकांना हो म्हणत तळाशी जाल. मला असं वेडं दुसरं नको गाडीत.

रघुनाथ : हे कठोर बोललीस.

अलका : घाबरलेल्या माणसाला गोड बोलता येत नाही. ते लहान द्या इकडे. हे घर कुठं आहे ते सांगत नाही ना?

रघुनाथ : सांगत नाही. कुठून कसे आलात तेवढं सांगतं.

अलका : म्हणजे सकाळी इथून निघालात, नव्या रस्त्यानं गेलात, तर संध्याकाळी त्याच रस्त्यानं माघारी आणेल.

रघुनाथ : आणेल. पण सकाळी निघताना आठवणीनं चालू करावं लागतं. आठवणीनं, अलका.

अलका : मी करीन. शाळेत जायच्या आधी तुमचा डबा भरते, तसं हे चालू करीन. डबा विसरले का कधी?

सुकदेव : एकदा विसरल्या होत्या बाई. साहेब माझ्यातलं जेवले, ठेचा-भाकर.

अलका : एकदा. आणि त्या दिवशी हे दुपारी घरी आले होते विचारायला, मी बरी आहे ना म्हणून.

रघुनाथ : तुला ताप होता त्या दिवशी.

अलका : आठवतंय तुम्हाला.

रघुनाथ : ते आठवतंय. घडी घातलेल्या ओल्या पट्ट्या, पितळी वाटी. ह्या घरात. नाही, थांब. ह्याच घरात ना?

अलका : ह्याच घरात.

रघुनाथ : मग ठीक. सुकदेव, ह्याला एरियल नाही, हातातच धरायचं असतं. बघ, ह्याला लवकर सापडले चारही. आज रात्री ह्याचीच शिफारस लिहितो. सुरुवातीची खूण इथं अंगणातच करू. नाव विचारतंय. घर असं लिहू ना?

अलका : लिहा.

रघुनाथ : आणि ते, नदीच्या वळशावरचं?

अलका : ते पाण्याखाली आहे.

रघुनाथ : माहीत आहे. आत्ता माहीत आहे मला.

अलका : मग आत्ताच बटण दाबा.