वर्षभरासाठी ढालकरी

(शनिवारची दुपार. ताई आणि धाकटा, दोन वेगळ्या गावांत, कानाला हेडफोन लावून एकाच ऑनलाइन खेळात शिरायच्या बेतात.)

ताई : वैद्य मी घेतेय म्हटलं ना! तू ढालकरी हो.

धाकटा : चेष्टा करतेस काय? सहा वर्षं तू ढाल धरून पुढे आणि मी मागून औषधं फेकतोय. छान चाललंय की आपलं.

ताई : तुझं छान चाललंय.

धाकटा : अगं, दिवसभर दुकानात औषधंच विकतो मी. हात बसलाय माझा. आणि नव्या नियमाने एकदा निवडलं की वर्षभर बदलता येत नाही, वाचलंस ना?

ताई : वाचलं. म्हणून तर भांडतेय.

धाकटा : पहिल्याच दिवशी मरू आपण. मला मार खायची सवय नाही.

ताई : ते दिसलं मागच्या शनिवारी. मी दैत्याच्या खोलीत, आणि हा पठ्ठ्या उंबऱ्याबाहेर!

धाकटा : तिथूनही औषध पोचत होतं की! झुंज सुरू झाल्यावर दार लागतं, हे मला काय माहीत?

ताई : सहा वर्षं खेळतोयस. एकदा तरी माझ्याआधी आत शिरला असतास तर कळलं असतं. कानात आपलं चालू, 'देतोय गं ताई, देतोय!' सगळं औषध दारावर आपटत होतं.

धाकटा : किती हसलो आपण त्यावर.

ताई : तू हसलास. मी उठून बाबांची चादर बदलायला गेले.

धाकटा : आता बाबा कुठून आले मध्येच?

ताई : मध्येच नाही आले. चार वर्षं इथेच आहेत. दमले रे मी. वर्षभर ने त्यांना तुझ्याकडे. मग परत मी आहेच.

धाकटा : ताई, मी काय हात झटकलेत का? महिन्याच्या महिन्याला गोळ्या पाठवतो. प्रत्येक पुडीवर सकाळ, दुपार, रात्र लिहून.

ताई : पाठवतोस. एक पुडी चुकत नाही तुझी. पण त्या गिळवायच्या कुणी? काल अर्धा तास तोंड मिटून बसले, आणि मग माझ्या अंगावर थुंकले.

धाकटा : मला नाही जमायचं गं. मागच्या वेळी मला बघून काठी उगारली त्यांनी. 'हा कोण घुसलाय' म्हणाले. आठ महिने झाले त्याला. भीती वाटते मला, झालं समाधान?

ताई : मला तरी कुठे ओळखतात! सिस्टर म्हणतात. थांब, आलेच बघ ते. काय झालं काका? बसा इथे.

धाकटा : काका?

ताई : बाबा म्हटलं की बिथरतात. म्हणतात, माझी मुलगी शाळेत गेलीय, तुम्ही कोण?

धाकटा : हे कधी बोलली नाहीस.

ताई : तू कधी विचारलंस?

बाबा : सिस्टर, फोनवर कोण आहे?

ताई : आहे एक ओळखीचा. पाणी देऊ?

बाबा : नको. माझ्या मुलाचं औषधांचं दुकान आहे. मी इथे आहे, हे त्याला कुणी सांगितलंच नाही वाटतं. नाहीतर तो असा राहायचा नाही.

ताई : कळवलंय त्याला.

बाबा : मग? काय म्हणाला?

ताई : ऐकतोयस ना रे? काय म्हणालास म्हणून सांगू?

धाकटा : थांब जरा.

ताई : थांबलेय. पण ते थांबायचे नाहीत. दर दोन मिनिटांनी विचारतील.

धाकटा : ढालकरी घेतला मी. झालं दाबून.

ताई : खेळाचं नाही विचारत ते.

धाकटा : कळतंय गं. सांग, उद्या सकाळी येतोय न्यायला. काठी उगारली तरी नेणार म्हणावं.

ताई : काका, मुलगा उद्या सकाळी न्यायला येतोय तुम्हाला.

बाबा : येणारच. सिस्टर, माझी दाढी करून द्या आज. मला असं बघितलं तर घाबरेल तो.