स्वल्पविरामाची मान

सन्माननीय अध्यक्षमहोदय, व्यासपीठावरील मान्यवर, आज सेवानिवृत्त होत असलेल्या आपल्या पशुवैद्य डॉक्टरबाई आणि सभागृहातील सुजनहो,

निमंत्रणपत्रिकेत ‘बाईंचा निरोप घेण्यासाठी यावे’ असे छापले आहे. निरोप बाई घेतील. आपण तो द्यायचा असतो. असो. शिकवणे सुटले तरी खोड सुटत नाही.

आमच्या कुत्र्याचे नाव, शेपटीच्या वळणावरून, मी ‘स्वल्पविराम’ ठेवले. पत्नी त्याला ‘स्वल्प्या’ म्हणते. गेल्या वर्षी फाटकासमोर मोटारीने त्याला उडवले. नाकातून रक्त, शुद्ध हरपलेली. फळीवर निजवून दवाखान्यात नेताच बाईंनी प्राणवायू लावला आणि त्या म्हणाल्या, “डोकं जरा उंच राहू द्या.” पत्नीने तत्परतेने आपली शाल घडी करून त्याच्या डोक्याखाली सारली.

“वहिनी, उशी नको. मान दुमडली की डोक्यातलं रक्त नीट खाली उतरत नाही, मेंदूवरचा दाब वाढतो. अख्खी फळीच पुढून उचला. आणि गळ्यातला पट्टा काढा आधी.”

शाल फळीखाली गेली. दिवे मंद झाले. मेंदूची सूज उतरवणारे औषध शिरेतून सुरू झाले.

आमचे चिरंजीव म्हणाले, “बाबा, हाल बघवत नाहीत. आता पूर्णविराम द्या.” विरामचिन्हांविषयी त्यांनी आयुष्यात प्रथमच आस्था दाखवली, तीही अशा वेळी.

बाईंनी स्वल्प्याच्या डोळ्यांवर विजेरी धरली. “बाहुल्या अजून आकसतायत. आकसायच्या थांबल्या तर मीच सांगेन, लपवणार नाही. तोवर घाई नको.”

“वाचेल ना?” मी विचारले.

“माहीत नाही.”

सुजनहो, मी जन्मभर वाक्ये तपासली. इतके निर्दोष वाक्य किती वेळा ऐकायला मिळते? त्या वाक्याच्या आधारावर आम्ही थांबलो. बाई त्याची कूस बदलत राहिल्या, डोळ्यांत थेंब घालत राहिल्या, पुनःपुन्हा विजेरी धरत राहिल्या. शेवटी त्याने डोळे उघडले आणि तो चिरंजिवांकडे पाहून गुरगुरला.

“ऐकलं असावं,” बाई म्हणाल्या.

आता त्याची मान किंचित कलती असते आणि तो डावीकडेच वळतो. फिरून येताना आमचे घर उजव्या हाताला लागते. त्यामुळे आम्ही दोघे आणि तो, रोज सबंध वस्तीला वळसा घालून घरी पोहोचतो. बाई, त्या लांबलेल्या वाटेबद्दल मी आपला ऋणी आहे.

आपण शांतपणे ऐकलेत, आभारी आहे. बोलण्यात काही न्यूनाधिक झाले असल्यास क्षमा असावी. व्याकरणाची चूक आढळल्यास मात्र क्षमा करू नये, मला कळवावे.