कॅमेऱ्याला मेंढरं का नको होती?

आजच्या सत्कार समारंभाचे अध्यक्ष आदरणीय माणिकप्पा, व्यासपीठावरची मान्यवर मंडळी, जिच्यासाठी आपण जमलो ती शिवरंजनी, समोर बसलेले उमरगेकर, आणि टेम्पो करून आलेले माझ्या गावचे लोक, सगळ्यांना माझा नमस्कार. गावातले काही जण मागं दाराशी उभे आहेत. भाषण लांबलं तर सटकायला सोपं जावं म्हणून उभे आहात, हे मला इथून दिसतंय. खुर्च्या रिकाम्या आहेत, बसा.

मी सारजाबाई. मागच्या खेपेला गावची सरपंच होते. संयोजकांनी बोलायचं आमंत्रण दिलं तेव्हा मी पहिल्यांदा विचारलं, "मलाच का?" त्यांनी माझं कौतुक केलं. मग तर मला जास्तच शंका आली. माझा स्वभावच तसा आहे. कोणी गोड बोललं की त्याच्या मागं कोण उभं आहे ते मी आधी बघते.

'जीव शिल्लक दोन' हा शिवरंजनीनं दिग्दर्शन केलेला सिनेमा तुम्ही सगळ्यांनी पाहिलात. मोबाईलवर गेम खेळणारा तरुण त्या गेमच्या आतच जाऊन पडतो, तिथं त्याला तीन जीव मिळतात, आणि मार खात, पळत, धडपडत तो शेवटच्या शत्रूपर्यंत पोचतो. तो शेवटचा शत्रू पडद्यावर आला तेव्हा थेटरात सगळ्यात मोठा हशा झाला. आमच्या गावच्या रांगेत मात्र कोणी हसलं नाही. का हसलं नाही? तेवढं सांगते.

ही मंडळी शूटिंगला आमच्या गायरानावर आली तेव्हा गावाला त्यातलं काहीच कळत नव्हतं. आमचे बब्रुवानअण्णा, पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखणारं घर, ते धापा टाकत माझ्याकडं आले.

"सरपंचबाई, तिकडं एक गडी मेला."

"कोण?"

"कोण ते न्हाय ठावं. पर मेला. मंग उठला. मंग परत मेला, परत उठला. हे लक्षण बरं न्हाय."

मी जाऊन पाहिलं. मेलेला गडी म्हणजे इथं उमरग्यात व्यायामशाळा चालवणारे आपले शांतलिंग, सिनेमाचे नायक. कडब्याच्या गंजीवरून उडी मारायची, तेरखेड्याहून आणलेले फटाके फुटले की मरायचं, आणि शिवरंजनीनं हात वर केला की नवा जीव घेऊन उठायचं. अण्णांना मी समजावलं. त्यांना पटलं. मला मात्र सगळं पटलं नव्हतं.

कारण सोमेशराव. सिनेमाचा खर्च हेच गृहस्थ करत होते. काळा चष्मा, पांढरे बूट, आणि नमस्कार तर असा वाकून की निवडणुकीचा महिना सोडला तर मी तसा कधी पाहिला नाही. वर उडणारा ड्रोन त्यांचाच. तो उडायच्या आधी त्यांचा माणूस ओरडत यायचा, "मेंढरं हटवा! मेंढरं हटवा!"

मी सोमेशरावांना विचारलं, "का हो, मेंढरं का नकोत?"

"ताई, ही गेमची दुनिया आहे. तिथं मेंढरं कशी असतील?"

"तुमच्या गेममध्ये उडणारा राक्षस चालतो, आणि मेंढरू चालत नाही?"

आणि मी काय पाहिलं? शांतलिंगांची मारामारी विहिरीजवळ चाललेली, आणि ड्रोन कुठं? पार पलीकडच्या बांधावर. गायरानाच्या कडेकडेनं सावकाश चाललेला. पिच्चर इकडं आणि डोळा तिकडं! सज्जनहो, तुम्हाला संशय आला नसता?

पुढं एके दिवशी दुपारी सोमेशराव माझ्या ओसरीवर चहाला थांबले. फोन आला. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, आणि कन्नडमधून बोलायला लागले. आता माझं माहेर कर्नाटकातलं, आळंदचं. कन्नड मी आईच्या मांडीवर शिकले. पण ते त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, आणि मीही चहात साखर ढवळत राहिले. ते म्हणत होते, "इल्ली यारू बरल्ला." म्हणजे इथं कोणी येत नाही. जमीन ओसाड पडली आहे, गुरं नाहीत, मेंढरं नाहीत, व्हिडिओमध्ये स्पष्ट दिसेल, तुमच्या कचेरीतल्या साहेबांना दाखवा, म्हणजे जागा आमच्या कंपनीला मिळून जाईल.

त्या गायरानावर गावातल्या निम्म्या चुली चालतात. अण्णांची मेंढरं तिथून हटली तर ती कुठं जाणार?

मी तडक शिवरंजनीकडं गेले. ती झाडाखाली जेवत होती. "पोरी, किती दिवसांपासून ठाऊक आहे तुला?"

"काय, काकू?"

मी सगळं सांगितलं. सांगताना तिच्या तोंडाकडं बघत होते. तिचा घास हातातच राहिला. ती म्हणाली, "मेंढरं हटवा असं मीही सांगत होते. ते म्हणाले फ्रेम स्वच्छ दिसेल. मला खरंच वाटलं."

"सिनेमावाल्यांना रडायचंही येतं," मी म्हणाले.

ती रडली नाही. मग म्हणाली, "त्यांना काढलं तर सिनेमा इथंच बंद पडेल. गाडी त्यांची, जेवण त्यांचं, शेवटची मारामारी राहिली आहे." आणि ताट बाजूला सारून म्हणाली, "उद्या अण्णांना सगळी मेंढरं घेऊन टेकाडामागं थांबायला सांगाल?"

सिनेमात शेवटचा शत्रू रबरी राक्षस असणार होता. दुसऱ्या दिवशी तिनं सोमेशरावांना सांगितलं, "सर, तो रोल तुम्हीच करा. संवाद लिहिलेले नाहीत. ही जमीन तुम्हाला हवी आहे एवढंच धरा, आणि मनातलं बोला." त्यांना तर पडद्यावर यायची पहिल्यापासून हौस. केस विंचरून उभे राहिले. सगळं गाव गर्दी म्हणून भोवती बसवलेलं. कॅमेरा सुरू झाला.

सोमेशराव गरजले, "ही जमीन ओसाड आहे! इथं कोणीही येत नाही! ही मी घेणार!"

शिवरंजनीनं हात वर केला. टेकाडामागून अण्णांनी हाळी दिली, आणि मेंढरांचा लोंढा खाली उतरला. तेवढ्यात मी पुढं झाले आणि विचारलं, "इल्ली यारू बरल्ला? इथं कोणी येत नाही? मग हे कोण आहे, सोमेशराव? फोनवर कोणाला सांगत होता?"

त्यांचा चेहरा तुम्ही पडद्यावर पाहिलात. तो अभिनय नव्हता. ते ओरडले, "कट! कट!"

ती म्हणाली, "सर, कट मी म्हणायचं असतं."

ते पळायला लागले. पुढं मेंढरं, मागं मेंढरं, चष्मा पायाखाली. बिचाऱ्या शांतलिंगांना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यांना वाटलं मारामारी सुरू झाली. त्यांनी उडी मारली, एडक्यानं त्यांना उडवलं, आणि ठरल्याप्रमाणे ते मेले. तुम्ही तिथं सगळ्यात जास्त हसलात. आम्हाला मात्र तिथं हातातून जाता जाता वाचलेलं गायरान दिसत होतं.

सोमेशराव ड्रोन आणि गाडी घेऊन गेले. उरलेला सिनेमा शिवरंजनीनं ट्रॅक्टरवर उभं राहून, मोबाईलवर काढला. जेवण घराघरातून गेलं. पडद्यावर आपला चेहरा बघूनही सोमेशरावांनी हरकत घेतली नाही. हरकत घ्यायची तर आपण काय बोललो ते समजावून सांगावं लागलं असतं. कंपनीचा प्रस्ताव ग्रामसभेत आला तेव्हा गावानं एकमतानं नाही म्हटलं. तरी मी निर्धास्त नाही. अजूनही आभाळात काही घरघरलं की अंगणात येऊन बघते.

आता एकच गोष्ट, आणि ती मी शिवरंजनीच्या परवानगीनं सांगते. सिनेमा लागला त्या संध्याकाळी मी तिला बाजूला घेतलं. विचारलं, "खरं सांग. मला कन्नड समजलं नसतं, आणि तुझं तुलाच हे कळलं असतं, तर तू सिनेमा थांबवला असतास का?"

कोणीही म्हणालं असतं, हो काकू, लगेच थांबवला असता. मी ते ऐकायची तयारी करूनच गेले होते, आणि त्यावर विश्वास न ठेवण्याचीही.

ती म्हणाली, "माहीत नाही, काकू. मी रोज स्वतःला हेच विचारते."

त्या दिवसापासून माझ्या घराची एक किल्ली तिच्याकडं आहे. माझ्या सुनेकडंही ती नाही.

संयोजकांचे, अध्यक्षमहोदयांचे आणि शांतपणे ऐकून घेणाऱ्या तुम्हा सगळ्यांचे आभार. बोलण्याच्या ओघात कोणाला मान द्यायचा राहिला असेल, कोणाला शब्द लागला असेल, तर आपली बाई समजून पदरात घ्या. शिवरंजनी, उठ, हार घालायला बोलावतायत. नमस्कार.