आईच्या सीटखालची वायर

हॅलो?… हां, परतूरच. संपत ऑटो इलेक्ट्रिक… कोण? बेबीनंदा! अगं, मोठ्यानं बोल की, काय धडधड चाललीय तिकडं?… आपल्या धाकट्या वसंताची जीप? एवढा आवाज!

आईला दवाखान्यातून सुट्टी झाली?… बरं झालं बाई. नीट बसवलंय ना?… मागच्या सीटवर, प्लास्टरचा पाय लांब करून. हां, बराबर. आता कुठं हायसा?… वाटूर फाट्यावर, हाटेलातल्या फोनवरून.

न्हाई, तुझे दाजी ट्रकचं काम बघायला गेलेत. मला सांग… अगं ऐक ना, सोळा वर्षं दुकानात वायरी सोलून राह्यले मी! सांग.

फ्यूज जाऊन राह्यला? कशाचा?… लग्नाच्या भाड्यासाठी अँप्लिफायर बसवला. किती वॅटचा?… हजार! जीप हाय का बँडपार्टी?

कुणी बसवला?… त्यानंच. शाब्बास! अन् वायर?… घरच्या फिटिंगमधली उरलेली? बल्बाची? अगं, बॅटरी बारा व्होल्टची, करंट ऐंशी अँपियर वढत असंल! बोटाएवढी जाड वायर लागती त्याला.

फ्यूज दोनदा उडाला… मंग आता कसं वाजून राह्यलं ते?… काय घातलं फ्यूजच्या जागी?

थांब. परत सांग… तार? शेतातल्या डीपीवर गुंडाळतो तसली? अरे, काय डोकं हाय का खोकं ह्याचं! फ्यूज वायरीला वाचवत व्हता, त्यालाच काढून फेकलं! आता फ्यूज न्हाई उडणार, वायरच पेटणार.

कुठून नेलीय वायर?… मागच्या सीटखालून?

बेबे, आई अजून जीपमधीच हाय का?

अगं वास येतोय तर सांगायचं न्हाई का आधी!… फोन ठेवू नको, तसाच टाक अन् पळ! चावी काढून काय व्हतंय, वायर सरळ बॅटरीला हाय! आधी आईला भायेर काढा, मंग बॅटरीची काळी वायर उपटा. पाना नसंल तर दगडानं तोडा, पण जल्दी!

हॅलो?… बेबे?… गाणं चालूच हाय… अरे वसंता, बंद कर रे ते!… भाऊ, फोनजवळ कुणी हाय का? अहो, जीपमधी म्हातारी हाय आमची!

थांबलं. गाणं थांबलं… हॅलो? बोला ना कुणीतरी, पाया पडते!

हां, बेबे!… काढलं?… सीटचा स्पंज पेटला व्हता? अगं आई गं… अन् ती?… टाचेला प्लास्टर काळं पडलं. पाय?… मांडीला चटका बसलाय. शुद्धीवर हाय ना, बिलकुल नीट बोलती ना?… रडू नको गं, चटक्यावर गार पाणी वत.

खुर्चीत बसवून हाटेलात फोनपाशी आणलं? दे, दे तिला.

आई! मी उषा… काय म्हणतीस?… रामनगरपासून? एवढ्या लांबून ओरडून राह्यलीस, भाजतंय म्हणून?… अन् पुढं बसल्या दोघांना ऐकू आलं न्हाई!

वसंतानं आरशात बघितलं?… मंग?… हसला?… त्याला वाटलं, तू गाणं म्हणून राह्यलीस…

म्हणून त्यानं आवाज वाढवला?

आई, दे त्याला फोन!