खुराड्यावर उतरलेले दाजी

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, बेकरीतले सहकारी, आणि पहिल्या रांगेत डोळे वटारून बसलेली माझी ताई, सर्वांना नमस्कार.

आज आपले भट्टीप्रमुख, म्हणजे माझे दाजी, निवृत्त होत आहेत. नवीन मंडळींना ठाऊक नसेल, लढाईत हे गृहस्थ शत्रूचे वैमानिक होते. आले होते आपला पूल उडवायला. पूल राहिला जागेवर, विमान पडलं, आणि दाजी हवाई छत्रीसकट आमच्या कोंबड्यांच्या खुराड्यावर. छप्पर मोडलं. ताई उलथनं घेऊन धावली. दाजींनी मुकाट हात वर केले. एका हातात अंडं होतं. ते फुटलेलं होतं की शाबूत, या मुद्द्यावर नवराबायकोत अजून तह व्हायचा आहे.

पुढे कैदी म्हणून त्यांना याच बेकरीत जुंपलं. कैद्यांच्या छावणीत एक नियम असे: पाव ज्याने कापायचा, त्याने वाटा शेवटी उचलायचा. मग सुरी बरोबर सरळ चालते! लढाई संपली, कैदी सुटले, दाजी मात्र स्टेशनवरून परत. का, तर म्हणे खुराडं दुरुस्त करायचं राहिलंय. वर्ष उलटलं तरी ते दुरुस्त होईना. शेवटी आमचे वडीलच म्हणाले, अहो, आता लग्न तरी उरका.

गेल्या महिन्यात दाजींच्या भावाने त्यांना मायदेशी कायमचं बोलावलं. दाजी भट्टीवर निघून गेले, ताई आदळआपट करत भांडी घासत बसली. मला माझीच काळजी. ताई गेली तर मला रागवणार कोण?

परवा जेवताना ताईने पावाचे दोन तुकडे केले. म्हणाली, "एक वाटा तिकडचा, एक इथला. कापणारी मी आहे, उरेल तो माझा. तुम्ही आधी उचला."

अध्यक्ष महोदय, दाजींनी दोन्ही तुकडे तिच्याच ताटात ठेवले.

"मला या घरात धरून आणलंय," ते म्हणाले. "सोडल्याचं अजून कुणी सांगितलेलं नाही."

ताईने पदराने डोळे टिपले. मग म्हणाली, "खुराड्याचं छप्पर पुन्हा गळतंय. तेवढं बघा."

तेव्हा मंडळी, हा निरोप फक्त भट्टीचा आहे. आपण शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. काही अधिक-उणं बोललो असेन तर पोटात घाला. ताई घालणार नाही, तिचं मी घरी गेल्यावर निस्तरतो.