माझ्या लेकीनं झोप राखली

काय सांगू ताई तुम्हाला, माझं माहेर इगतपुरीकडचं, डोंगरातलं, तिथं पाऊस असा की चार महिने अंगावरचं लुगडं वाळत नाय, भाताच्या आवणीत वाढले मी, आन् दिली कुठं तर इकडं विंचूरला, कांद्यात. व्यापाऱ्याच्या खळ्यावर कांदा निवडते, वर्षानुवर्षं तेच. नवरा टेम्पो चालवतो, स्वभावानं गरीब. एकुलती एक लेक, रूपाली. तिचंच सांगायचंय, पन तिचं सांगायचं म्हंजे आधी माझ्या भावाचं सांगावं लागतंय.

थोरला भाऊ रेल्वेत व्हता, रुळाच्या कामावर, लय हुशार मानूस. पन कधी कधी काय व्हायचं, झोपच नाय, दिवसच्या दिवस डोळ्याला डोळा नाय आन् तरी थकवा नाय, बोलतोय तर बोलतोय, एकदा दारातल्या शेळ्या वाटसरूला देऊन टाकल्या, म्हनला मी आता मोठा साहेब होनार. मंग तेच सगळं उतरायचं आन् गोधडीतून तोंड बाहेर काढायचा नाय. लोक म्हनायचे बाहेरचं हाय. एका पावसाळ्यात धरणाकडं गेला तो परत आला नाय. हा आजार असतो, याला औषध असतं, हे आमाला कुनी सांगितलंच नाय ताई.

तर रूपाली अकरावीला गेली आन् तिची झोप पुढं पुढं सरकाय लागली. उजाडताना डोळा लागायचा, मंग दुपारपोत्तर उठायची नाय, कालेज बुडायचं. सासूबाई म्हनायच्या मोबाइलनं आळशी केली पोरीला. मला बी तसंच वाटायचं. पन एका आठवड्यात ती झोपलीच नाय आन् तरी ताजीतवानी, सगळी भांडी घासून काढली, भिंतीवर चित्रं काढली, म्हनली याच वर्षी कलेक्टरची परीक्षा देते, बोलनं असं की शब्दावर शब्द पडायचा. मी तिच्या डोळ्यांत पाहिलं आन् मला माझा भाऊ दिसला. नवरा म्हनला अभ्यासाचं टेन्शन असंल. मी काय ऐकलं नाय. दुसऱ्या दिवशी खाडा केला, तिला घेऊन नाशिकची बस धरली, द्वारका चौकात उतरलो आन् तिथून रिक्षानं मनाच्या डॉक्टरीणबाईंकडं.

बाईंनी सगळं इचारलं, घरात कुनाला असं झालं का म्हनल्या. मी भावाचं सांगितलं तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवला. बायपोलर हे नाव मी तिथं पहिल्यांदा ऐकलं. म्हनल्या, रूपालीला तेच हाय असं आत्ताच ठामपनं सांगता येनार नाय, वय लहान हाय, पन मामाला व्हतं म्हंजे जपायचं. शरीराच्या आत एक घड्याळ असतं, हिचं लवकर ढळतं, आन् झोप ढळली की मागोमाग मन ढळतं. झोपायची वेळ एक, उठायची एक, सकाळचं ऊन अंगावर घ्यायचं, दिलेल्या गोळ्या आपल्या मनानं बंद करायच्या नायत, आन् दाखवाय येत ऱ्हायचं.

मंग काय, आमचं घरच बदललं. जेवनं लवकर, टीव्ही बंद, सगळ्यांचे मोबाइल सासूबाईंच्या उशाशी. सकाळी बाप तिला द्राक्षाच्या बागांकडं फिराय न्यायचा, थंडीत ती आमाला शिव्या घालायची. लगेच काय फरक पडला नाय, लय महिने गेले. पुतन्याच्या हळदीला डीजे लागला तसं मी तिला उठवून घरी आनली, जाऊ सगळ्यांसमोर म्हनली, कुक्कुलं बाळ हाय का ती. मी म्हनलं, हसा बाई, हसन्यानं माझं काय जात नाय.

बारावी झाली, नाशिकला नर्सिंगला नंबर लागला. ती हॉस्टेलात आन् माझा जीव टांगनीला. एक दिवस सकाळी मी खळ्यावर असताना तिचा फोन आला. आवाज शांत. म्हनली, आई, दोन दिवस झोप नाही आणि तरी मला थकवा वाटत नाहीये, मला हे बरं लक्षण वाटत नाही, मी डॉक्टरांकडे निघालेय, तू तिकडेच ये. ताई, मी कांद्याच्या ढिगावर बसून रडले, पन ते आनंदाचं रडनं व्हतं. तिनं सोताला वळखलं. बाईंनी औषध बदललं आन् ती वेळेवर सावरली.

पुढं रात्रीची ड्यूटी लावायची येळ आली. मैत्रिनी म्हनल्या सांगू नको, नाव खराब होईल. पोरगी सरळ मेट्रनबाईंपुढं उभी ऱ्हायली. म्हनली, मॅडम, मला काम टाळायचं नाही, दिवसाची कितीही द्या, पण माझी झोप मोडली तर मी आजारी पडते, माझ्या डॉक्टरांना विचारा. मेट्रनबाईंनी डॉक्टरीणबाईंना फोन केला, खात्री करून घेतली आन् म्हनल्या, पेशंटची काळजी घेनाऱ्यानं अशीच सोताची घ्यावी. रात्रीच्या बदली तिला सनावाराच्या, रविवारच्या ड्यूट्या दिल्या, तिनं एक चुकवली नाय.

झाली की ताई नर्स. पांढऱ्या कपड्यात स्टेजवर गेली तेव्हा तिच्या बापानं अशा काय टाळ्या वाजवल्या, पुढचे लोक वळून पाह्यला लागले. आता नाशिकला दवाखान्यात दिवसपाळीला हाय. औषध चालू हाय, आजार गेला असं मी म्हनत नाय, पन आमी त्याच्या पुढं हाय. परवा तीच जाऊ आली, म्हनली माझं पोरगं रातभर जागतंय, रूपालीला जरा इचारशील का. मी चहा टाकला आन् तिच्यासमोर रूपालीला फोन लावून दिला.

चला, कांदा पसरलाय, जाते. तुमच्या बी लेकराबाळांना पडल्या पडल्या गाढ झोप लागो.