ठकीच्या नावावरचं घर

दोन हजार तेरा साल, डिसेंबरचा दुसरा आठवडा, पाण्यात हात घालवत नव्हता इतकी थंडी — मला सगळं आठवतं, तू आठवण करून द्यायला नको. दात चावून धर. मसाला ओला आहे तोवर जबडा हलला तर दाताची पट्टी सरकेल, आणि मग म्हणशील, बापाला एक दात धड बसवता येत नाही. सहा मिनिटं. नाकानं श्वास घे. उबळ आली तर पायाचा अंगठा हलव, मन तिकडे जातं — गिऱ्हाइकांना सांगतो तेच सांगतोय, मुलगा म्हणून वेगळं काही नाही. अकरा वर्षं फट तशीच ठेवलीस. तुझ्या शहरात दातांचे डॉक्टर नव्हते? हट्ट. कुणावर गेलास, ते बोलू नकोस.

कागद तिथे मेणाच्या डब्याखाली आहे. वकीलबाई म्हणाल्या, ट्रस्टला दोन नावं लागतात. एक माझं. मी शहात्तरचा, माझं नाव किती दिवसांचं? म्हणून दुसरं तुझं. बाकी काही नाही. घर ट्रस्टचं होणार, तुझी बहीण त्यात राहणार, तुला त्यातली एक वीटही मिळणार नाही, आत्ताच सांगून ठेवतो. — डोळे वटारू नकोस. तुला नकोय, माहीत आहे मला. आता माहीत आहे.

तेव्हा नव्हतं. तेव्हा तू असाच कागद घेऊन आलास — बाबा, घर ठकीच्या नावावर करू नका, ट्रस्ट करा. मी काय ऐकलं? घर तिला देऊ नका, एवढंच. माझी शाळा चौथीपर्यंत, ट्रस्ट म्हणजे बड्या लोकांचं काहीतरी. आणि वर तू म्हणालास, तुमच्यामागे मी बघेन. तुमच्यामागे! तोंडावर माझ्या मरणाचं बोलतोस आणि हातात घराचा कागद — हात उठला. बाकावर दोन गिऱ्हाइकं बसली होती. जन्मभर लोकांना कवळ्या करून दिल्या आणि स्वतःच्या पोराचा दात पाडला. पंधरा दिवसांत घर ठकीच्या नावावर केलं. कुणाला विचारलं नाही. सांगत फिरलो, माझी मुलगी घरमालकीण आहे म्हणून.

घरमालकीण! तिला नाणं कुठलं आणि बटण कुठलं ते कळत नाही. पण कागदावर मालकीण — मग सरकारी मदत बंद. तिच्यासारख्या मुलांच्या केंद्रात दिवसभर बसायची, ती फुकट जागा गेली. तिथल्या बाई म्हणाल्या, आजोबा, हिच्या नावावर घर आहे, ही जागा गरजूंची. वरची खोली भाड्यानं द्यावी तर मालकिणीची सही हवी. छप्पर गळतंय, कर्ज काढावं तर मालकिणीची सही हवी. मालकीण सहीच्या जागी गोल काढते आणि हसते. माझी सही चालत नाही, कारण घर माझं नाही. दोन वर्षं कोर्टात हेलपाटे घातले, तेव्हा कुठे ट्रस्टची परवानगी मिळाली.

केंद्र सुटल्यापासून ती इथेच, त्या स्टुलावर. खण उघडते, मिटते. मी कुठे जात नाही. दूध आणायला, तेवढंच — बाहेरून कडी लावून. आतूनही एक आहे, वर, तिचा हात पोहोचणार नाही अशी, रस्त्यावर पळते म्हणून. मागच्या महिन्यात — काही नाही. चक्कर आली. या वयात येते. पडलो इथे, कवळ्या घासायच्या मोटारीपाशी. किती वेळ? पडलो तेव्हा ऊन होतं, डोळे उघडले तर अंधारलं होतं. ठकी शेजारी बसलेली, माझ्या तोंडात बोट घालून दात चाचपत होती. घसा बसला होता तिचा, ओरडून ओरडून. शेजारणीला वाटलं, नेहमीचंच आहे. आत कोण मरतंय, कुणाला कळणार? दार आतून बंद, कडी मीच बसवलेली. काय ओरडत होती, ते शेजारणीनं दुसऱ्या दिवशी सांगितलं. दादा, दादा. बाबा नाही. बाबा तर समोर पडला होता.

म्हणजे वकीलबाईंनी सांगितलं म्हणून तुला बोलावलं, असं काही — बास. जास्त बोललो.

ऐक. हा दात म्हणजे लाच नाही. दात मी तुझा देणं लागतो. सही केलीस काय, नाही केलीस काय, दात तुझा. पट्टी घेऊन खुशाल — अरे हलू नकोस, मिनिटभर राहिलंय! पेन कशाला — तोंड उघडू नकोस, मसाला — वाच तरी. मी तुझा कागद वाचला नव्हता, तू तरी वाच. — बरं. खालीही. प्रत्येक पानावर लागते. ठकी, हात लावू नकोस, शाई ओली आहे.

उघड तोंड. हळू. कड घासतो जराशी. आता लाव. चाव. डावीकडे. टोचतंय? नाही ना? आरसा नको, दात मी बघितलाय.

माझ्याकडून फिटलं. ऊठ, खुर्ची मोकळी कर, बाहेर गिऱ्हाईक बसलंय.